तुझ्या सपनातली विहीर

आय, तू गेल्याला तेवीस वर्षं झाली आणि मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच डोळ्याला पदर लावून तुला सुटता येणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर लिहायला बसले. तोंडावर बोलायला गेले असते तर दुसऱ्या वाक्यालाच तू हात वर करून मला गप केलं असतंस. माझं अक्षर वाकडं आहे, काने-मात्रे चुकतात. ते का चुकतात हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

बेलापूरचं आपलं घर आठव. दादा बुद्धाची दीक्षा घेऊन आले तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे टाक त्यांनी फडक्यात बांधले आणि प्रवरेत सोडले. आजूबाजूच्या म्हाताऱ्या रडल्या, तू नाही रडलीस. "गेलं तर गेलं," म्हणालीस. तुला काय, तुझ्याकडं सपनं होती. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी चुलीपाशी बसून तू रात्रीचं सपान सांगायचीस आणि त्याच्यावर आपलं घर चालायचं. शेळी विकायची का नाही, मामाकडं जायचं का नाही, सगळं त्याच्यावर. दादा सभेत तासभर बोलायचे, देव नाही, दैव नाही, आणि घरी आले की बायकोच्या सपनापुढं मान खाली. वाईट सपान माणसाला सांगायचं नसतं, नदीवर जाऊन वाहत्या पाण्याला सांगायचं, ही रीत मला तूच शिकवलीस. नदी आपल्या घरापासून दोनशे पावलांवर होती. पण हिरीचं सपान पडलं तेव्हा तू नदीवर गेली नाहीस. मला सांगितलंस.

मी चौथीत आहे. पाटी पुसून पिशवीत घालतेय. तू भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणतेस, "आज साळंत जायचं न्हाई. मला सपान पडलंय. पोर साळंच्या हिरीत हुती. केस वर, तोंड खाली." दादा दाढी करतायत, त्यांचा हात थांबतो. "अगं पन..." "पन काय? पोरगी तुमची बी हाय. बगा मग." संपलं. मास्तर दोनदा घरी आले, मुलगी हुशार आहे म्हणाले. तू त्यांना चहा दिलास आणि चहाबरोबर सपान दिलंस. तेही उठून गेले. धाकटा तेव्हा चार महिन्यांचा होता आणि तुला खुरपायला जायचं होतं, त्याला सांभाळायला माणूस पाहिजे होतं. एवढंच होतं ना? मग सरळ सांगायचं होतंस. सरळ सांगितलं असतंस तर मी भांडले असते, पाय आपटले असते, दादांनी माझी बाजू घेतली असती. सपनाशी कसं भांडायचं? मी ओरडले नाही. पाटी मीच आणून तुझ्या हातात दिली आणि तू ती पाण्याच्या हंड्यावर झाकण म्हणून ठेवलीस. कितीतरी वर्षं मी त्या पाटीखालचं पाणी प्याले.

आता माझं ऐक. मी दवाखान्यात आया आहे, बाळंतपणाच्या वॉर्डात. सगळे मावशी म्हणतात. माझं तोंड तिखट आहे, सगळ्यांना माहीत आहे. नवरा गेल्यापासून घरात मी आणि माझी पोरगी, दोघीच. ती बारावी झाली आणि नर्सिंगचा फॉर्म घेऊन आली. नगरला तीन वर्षं, तिथंच राहायचं, आईची सही पाहिजे. मी स्टोवर चहा टाकलेला. फॉर्मकडं बघितलं आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "नको जाऊस. मला सपान पडलंय. एस.टी. उलटलेली दिसली." आय, मला असलं काही पडलेलं नव्हतं. मी तर जन्मात कुणाला सपान सांगितलेलं नव्हतं. पण आवाज तुझा, मान खाली घालायची तऱ्हा तुझी.  फॉर्म घडी करून पोरीनं फळीवरच्या पेपराखाली सरकवला. आवाजसुद्धा नाही केला.

त्याच दुपारी वॉर्डात एक पहिलटकरीण आली. अठरा-एकोणीसची असेल. जीव खाऊन ओरडत होती, "मला घरी न्या, मला न्हाई करायचं हे." मी तिच्या थोबाडीत मारली. आमच्या वॉर्डात बायांवर ओरडतात, मांडीवर चापट मारतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण मी जी मारली तिनं ती पोरगी एकदम गपच झाली आणि माझ्याकडं बघत राहिली. सिस्टरनं मला बाहेर काढलं. "मावशी, पुण्याच्या मॅडम गुरुवारी येतात. त्यांच्यापुढं बसायचं, नाहीतर मी वर कळवते."

"मला काय येड लागलंय?"

"ते त्या ठरवतील. तुमचं तुम्ही नका ठरवू."

ही पुण्याची बाई मनाची डॉक्टरीण. साठीच्या पुढची, जाड भिंगाचा चष्मा. प्लास्टरचं सामान ठेवायच्या खोलीत दोन खुर्च्या टाकून बसायची. गोळ्या देईल, सुई देईल, असं मला वाटलं, तर म्हणते, "स्वप्नं पडतात का?" मी हसलेच. म्हटलं, हिलाबी तेच पाहिजे. नोकरी वाचवायची म्हणून मी तुझीच सगळी माझी म्हणून सांगून टाकली. शेळीचं, मामाचं, हिरीचं. ती लिहून घेत होती. मध्येच म्हणाली, "हे विहिरीचं कितव्या वर्षी पडलं?" मी बोलून गेले, "मला कुठं, आयला पडलेलं." तिनं पेन खाली ठेवलं. "मग तुमचं कुठलं?" मी म्हटलं, मला पडतच नाहीत. ती म्हणाली, "पडतात. तुम्ही बघत नाही. इतकी वर्षं आईच्याच स्वप्नात राहताय. पुढच्या वेळी स्वतःचं एक आणा, लहानसं असलं तरी चालेल." मी मनात तिला शिवी दिली. बाजारातून भाजी आणायची आहे काय?

पण पडलं. शाळेचा व्हरांडा मी पुसतेय, फरशी संपत नाही. वाटेत एक पोरगी पाय पसरून बसलेली. मी म्हणतेय पाय उचल, ती उचलत नाही. एवढंच. डॉक्टरणीला सांगितलं तर तिला केवढा आनंद! "त्या मुलीला विचारा, तिला काय पाहिजे." म्हटलं, सपनातल्या पोरीला आता कुठून विचारू? "इथं, जागेपणी विचारा. तिच्या जागी बसा आणि तीच होऊन बोला." असला चावटपणा मी जन्मात केला नव्हता. दार लावा म्हटलं. खुर्ची बदलली, पाय पसरले, आणि डॉक्टरणीनं विचारलं, "काय पाहिजे गं तुला?" माझ्या तोंडून आलं, "मला ओरडायचंय." मग मी ओरडले, आय. अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी, हातात फडकं धरून त्या खोलीत ओरडले. बाहेरून सिस्टर दार वाजवायला लागली. डॉक्टरणीनं उठून तिला सांगितलं, "काही नाही, शाळा बंद झाली म्हणून रडतायत." मला रडता रडता हसू आलं.

मी शांत झाल्यावर ती म्हणाली, "जी तुमच्यापुढं ओरडते तिचा तुम्हाला राग येतो, कारण तुम्ही ओरडला नव्हता. आणि जी गप्प बसते तिचं काय?" मला घरच्या फळीवरचा पेपर दिसला. फॉर्म भरायला दोन दिवस राहिले होते.

धीर म्हणतात तो मोठा काहीतरी असेल असं मला वाटायचं. मला तो घरी जाऊन एक वाक्य बोलायला लागला, आणि त्या वाक्यासाठी मी आधी सगळी भांडी घासली, परत घासली. मग म्हटलं, "ते एस.टी.चं सपान खोटं होतं."

पोरगी वही बघत होती. म्हणाली, "म्हाईत हाय मला."

"कसं?"

"तू सपान सांगितलंस कधी जन्मात? आनि एस.टी. उलटली तर तू आदी डायवरला शिव्या देशील, मला कशाला आडवशील?"

"मग भांडली का न्हाईस?"

"तू भांडली हुतीस का?"

हिरीची गोष्ट मीच तिला लहानपणी सांगितलेली. मी खाली बसले. म्हटलं, "तू गेलीस की मी या घरात एकटी. मला भ्या वाटतं. एवढंच हाय, दुसरं काई न्हाई." ती पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, आणि मी तिला गप बस म्हटलं नाही. सही मी मराठीत केली, पूर्ण नावानं. आडनावातला ऊ चुकला.

आता ती नगरला आहे. मी वॉर्डात ओरडणाऱ्या बाईच्या उशाशी जाऊन बसते, म्हणते, ओरड बाई, मी हाय. जिला मारली ती परत कधी दिसली नाही. तिची माफी मागायची राहूनच गेली. डॉक्टरीण म्हणते, आईलाही समजून घ्या, तिलाही भीती असेल. असेल ना. चार महिन्यांचं पोर, हातावरचं पोट, मला कळत नाही असं थोडंच आहे. पण तू मोठी होतीस, आय, आणि मी नऊ वर्षांची होते. समजून घ्यायचं काम दर वेळी माझ्याच गळ्यात का? तुला ते सपान खरंच पडलं होतं का, हे आता कुणालाच विचारता येत नाही. पडलं असलं तरी मी तुला सोडत नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. पिठाच्या डब्यामागं राहील आणि एक दिवस चुलीत जाईल. पण एक राहिलं, ते डॉक्टरणीलाबी बोलले नाही. परवा पोरगी सुट्टीला आली, तिचा पांढरा युनिफॉर्म मी धुवून वाळवला, इस्त्री केली. ती मैत्रिणीकडं गेली तेव्हा दाराला कडी लावली आणि तो अंगात घातला. बटणं लागली नाहीत. काढून परत इस्त्री केली, तिला कळू नये म्हणून.