शेवटच्या प्रकरणाआधी

३ नोव्हेंबर
नोकरी लागली, आणि कसली, तर रहस्यकथा वाचून दाखवायची. दिवसभर खुनाची पुस्तकं वाचून पोट भरणार आहे का, असं आई नेहमी म्हणायची. आता भरणार आहे. राहायला वरच्या मजल्यावर खोलीसुद्धा मिळाली.

आजोबांचं पूर्वी औषधांचं दुकान होतं. अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली, डावा हात तेवढा हलतो. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घर आणि सासरे दोन्ही वहिनी सांभाळतात. फार गोड बाई. माझ्या खोलीत धुतलेली चादर त्यांनी स्वतः घातली.

आजोबांची पुस्तकं लेखकाप्रमाणे नाही, खुनाच्या तऱ्हेप्रमाणे लावलेली आहेत. सुरीचा कप्पा, बंदुकीचा, अपघाताचा, आणि सगळ्यांत मोठा विषाचा. मी तर पाहताक्षणी या माणसाच्या प्रेमात पडले.

५ नोव्हेंबर
या घरची एक रीत आहे. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं आणि खुनी कोण ते सांगायचं. वहिनी म्हणाल्या, आजोबा उभ्या जन्मात चुकले नाहीत, त्यांच्याशी पैज लावायला कुणी तयार नसायचं. आता मी एकेक नाव घेते आणि ते माझा हात दाबतात. आज त्यांनी सुनेच्या नावाला दाबला. खुनी निघाला वकील. मी बरोबर ओळखलं होतं, त्यामुळे दिवसभर हवेत होते.

दुपारी वहिनी दुधाचा पेला हातात देतात, मी चमच्याने पाजते. आजोबा तान्ह्या पोरासारखे तोंड फिरवतात. पण मी काय कमी हट्टी आहे? गोडीगुलाबीने संपवायलाच लावलं.

९ नोव्हेंबर
आणखी तीन पुस्तकं झाली. पहिल्या दोन्ही वेळा सून, दोन्ही वेळा चूक. कालच्या पुस्तकात तर सून नव्हतीच, तेव्हा त्यांनी कुणाच्याच नावाला हात दाबला नाही. पुस्तक मात्र विषाच्याच कप्प्यातलं हवं, दुसरं दाखवलं की डोळे मिटून घेतात.

गंमत म्हणून हे सगळं वहिनींना सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. मग पेला पुसता पुसता विचारलं, अजून काय काय सांगतात ते तुला?

१२ नोव्हेंबर
आजोबा फार गळून गेलेत. वाचताना मध्येच डोळे मिटतात. वहिनींनी दूध दिवसातून दोनदा केलंय. म्हणाल्या, अंगात ताकद यायला हवी, आणि तुझ्याच हातून नीट पितात. मला बरं वाटलं ऐकून.

१४ नोव्हेंबर
दूध हातावर सांडलं. सहज चाटलं. एवढी साखर घातलेली, तरी कडू.

आजोबा माझ्याकडे बघत होते.

जन्मात न चुकलेला माणूस सारखा चुकेल कसा? ते पुस्तकातला खुनी सांगतच नव्हते. आणि मी — एवढी पुस्तकं वाचलेली शहाणी — मी वहिनींनाच जाऊन सांगितलं. आणि रोज चमचा चमचा करून मीच —

उरलेलं दूध मोरीत ओतलं, पेला खसाखसा धुतला. आजोबांना म्हटलं, उद्या डॉक्टर आले की सगळं सांगते. त्यांनी हात दाबला. किती जोरात दाबला.

१५ नोव्हेंबर
आजोबा गेले. पहाटेच. हात हातात घेतला तर — गार.

डॉक्टर खाली आहेत. वहिनींचं रडणं वरपर्यंत ऐकू येतंय. माझ्याबद्दल सांगतायत की दूध तीच पाजायची, मला जवळही येऊ द्यायची नाही. विषाचीच पुस्तकं काढायची. काल पेलासुद्धा घाईघाईने धुऊन ठेवला.

धुतला. मीच धुतला.

रुमालासाठी पर्समध्ये हात घातला. एक छोटी बाटली — माझी नाही — निम्मी रिकामी —

पुस्तक मिटून नावं घेऊन बघितली. बोटीवरचा मुलगा. वहिनी. मी. मी वाचक असते तर मीसुद्धा माझ्याच नावाला —

जिन्यावर पावलं. दोघांची. खिडकीला जाळी आहे, बाटली टाकू तरी कु