चौऱ्याऐंशी मुद्द्यांची ड्रायव्हर पुस्तिका

२ मार्च, सोमवार
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. पत्रं आता कॉम्प्युटरच लिहितो, तुमच्या टेबलाला काम उरलं नाही, म्हणाले. पण विमा कंपनीला आपल्या ट्रक ड्रायव्हरांसाठी नियमांचं पुस्तक हवं आहे. ते पूर्ण होईपर्यंत तुम्ही आहात, पुढचं पुढे बघू.
‘पुढचं पुढे बघू’ म्हणजे बढती. बावीस वर्षांत मालक माझ्याशी एवढा वेळ कधी बोलले नव्हते.
संकल्प: बारा प्रकरणं, दोनशे पानं, पंधरा दिवस. रोजची चौदा पानं. डाव्या हातचा मळ.

३ मार्च, सकाळी ९.४०
प्रस्तावनेला हात घातला. सुरुवात चाकाच्या शोधापासून.

दुपारी ४
चाकाचा शोध अजून लागायचा आहे. पेन अडतं. उद्या नवं पेन.

६ मार्च
अर्पणपत्रिका झाली. आधी मालकांच्या वडिलांना, मग खोडून मालकांना. अनुक्रमणिकाही झाली. म्हणजे पुढचं तयार, आता मागचं तेवढं भरायचं.
बायकोने विचारलं, ट्रकमध्ये कधी बसलात का. डॉक्टर काय प्रत्येक आजार स्वतः काढतो का, म्हणालो. ती भांडी घासायला गेली. पटलं असावं.

१० मार्च
यार्डात जाऊन सर्वांत जुन्या ड्रायव्हरची मुलाखत घेतली. तीस वर्षांत मडगार्डला पोचा नाही, म्हणून त्यांना सगळे सावकाशकाका म्हणतात. वळणावर काय करता, विचारलं. बघून चालवतो, म्हणाले. उतारावर? बघून. धुक्यात? धुक्यात दिसत नाही, म्हणून थांबतो.
यात प्रकरण होत नाही. अनुभवी माणसांना सांगता येत नाही, हेच खरं. वर म्हणाले, साहेब, उद्या एक फेरी मारा माझ्याबरोबर. मला गाडी लागते, पण ते कसं सांगणार? वेळ नाही, म्हणालो.

१६ मार्च
पंधरा दिवस झाले. पानं नऊ, त्यातलं एक अनुक्रमणिकेचं. मला खरोखर भीती वाटते आहे. या वयात मला दुसरं टेबल कोण देणार?

दुपारी ३
सुचलं. पुस्तक हप्त्याहप्त्याने द्यायचं. पहिला हप्ता: ‘निघण्यापूर्वीची तपासणी’, मुद्दे चौऱ्याऐंशी. एक जरी मुद्दा बरोबर नसला तरी गाडी हलवू नये. मुद्दा ६१, ‘चालकाचे मन प्रसन्न असावे’, हा माझ्या पदरचा. मालकांनी न वाचता सही केली. केवढा विश्वास.

१८ मार्च, सकाळी ११.१५
नियम आजपासून लागू. सहाला सुटणाऱ्या अकरा गाड्या अजून यार्डातच. ड्रायव्हर एकेक मुद्दा मन लावून तपासतात. साठपर्यंत सगळं ठीक, ६१ला सगळे अडले. एकाचा दात दुखतो. एकाची सासू मुक्कामाला आली आहे. एकाला विचारल्यावर आठवलं की आपण बरीच वर्षं प्रसन्न नाही. काका म्हणाले, मी होतो प्रसन्न, यादी वाचून प्रसन्नपण गेलं. नियम लेखी आहे, खाली मालकांची सही आहे, कोण हलवणार गाडी?

१२.३०
मालक आले. सात गाड्यांत टोमॅटो होते. यादी माझ्यासमोर फाडली. सोमवारपर्यंत नीट पुस्तक द्या, नाहीतर निघा, म्हणाले.

२१ मार्च
कागद कोरा. घरी सांगितलेलं नाही. शेवटचा हात फिरवतो आहे, म्हणालो. मोरीत नळ सोडून रडलो. पाणी फुकट घालवता, म्हणून बायको ओरडली.

२३ मार्च, सोमवार, सकाळी ८
आजारी पडावं म्हटलं. थर्मामीटर लावला. ताप नाही. शरीरही ऐन वेळी दगा देतं.

१०.३०
काका ऑफिसात मालाचं चलन घ्यायला आले. माझं तोंड बघून खुर्ची ओढून बसले. काय झालं, विचारलं. सगळं सांगून टाकलं, टेबलाचंही. एवढंच ना, म्हणाले, घ्या लिहून. पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं. डोळा लागायला लागला की गाडी बाजूला घे. ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. थांबलास की चाकाला दगड लाव, निघताना तो रस्त्यात ठेवू नको. अशा सात ओळी. दहा मिनिटं लागली. मी एक शब्द बदलला नाही. बदलण्यासारखा नव्हताच.

सायंकाळी ५
मालकांनी उभ्याउभ्या वाचलं. परत वाचलं. हेच पाहिजे होतं, म्हणाले. विमावाल्यांना फोनवर वाचून दाखवलं, त्यांनाही पसंत. पुस्तक पूर्ण.
मग म्हणाले, चला, आता तुमचंही काम संपलं. उद्यापासून येऊ नका.

५.४०
गेटवर काका थांबले होते. टेबल वाचलं का, विचारलं. वाचलं, म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

७.१०
बायकोने दारातच विचारलं, झालं का एकदाचं पुस्तक. झालं, म्हणालो. महिनाभर झोप नाही तुम्हाला, चार दिवस रजा मागून घ्या, म्हणाली.
मिळाली आहे, म्हणालो.