ज्याचा नंबर त्याचा किल्ट

देरा, दुबई
६ ऑक्टोबर २०२४

ति. छायाताईस,
उल्हासचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर बोलावं तर आबांना ऐकू येत नाही म्हणून तू स्पीकर लावतेस, आणि घरातलं गुपित अख्ख्या गल्लीला कळतं. आपल्या गल्लीतला कुणाल सुट्टीला गोव्याच्या विमानाने येतोय, त्याच्या बॅगेत हे टाकतोय. आबांच्या हाती लागू देऊ नकोस.

८ डिसेंबरला आबांचं सहस्रचंद्रदर्शन इथे करायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे धाकट्या रणजितने ठरवलंय. हॉल त्याने बघितला, तिकीट त्याने काढलं, आणि आबा उतरणार तेही त्याच्याकडेच, अबुधाबीला, अल रीमच्या अठ्ठाविसाव्या मजल्यावर. मी थोरला. तीस वर्षं देऱ्यात युनिफॉर्म शिवतोय. पण माझ्या बिल्डिंगची लिफ्ट म्हणे बंद असते! एकदा बंद होती गं, एकदा.

आता खरं दुखणं सांगतो. आबांनी पलटणीच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवला, तो पाइप अजून धड आहे, पण बँडचा तो चुण्यांचा घागरा, किल्ट, कसरीने खाल्ला. त्या दिवशी किल्ट घालून वाजवायचं एवढी एकच त्यांची इच्छा. रणजितने नेटवरून खरा फौजेतला किल्ट मागवलाय, कुठल्याशा स्कॉटिश पलटणीतून निघालेला. अठराशे दिरहॅम, म्हणजे आपले एक्केचाळीस हजार! मी हात लावून पाहिला. खोटं कशाला बोलू, जाड लोकर, घोंगडीसारखी वजनदार, चुण्या हाताने घातलेल्या, पट्टे अस्सल चामड्याचे. 

माझ्याने एवढं होणार नाही. शेजारच्या हुमेरा आपा सियालकोटहून नकली किल्ट आणतात, तो दीडशेत घेतला, आपले साडेतीन हजार. चौकडे तसेच हिरवे-निळे, पण कापड पातळ, पट्टे रेक्झिनचे, आणि चुण्या अशा की माणूस एकदा खाली बसला की खलास. म्हणून सगळा उसवलाय आणि हाताने पुन्हा चुण्या घालतोय. दोन किल्ट असले तरी आबा घालणार एकच, आणि तो माझा असावा. बाकी सगळं रणजितला लखलाभ.

आबांचा लोभ आहेच, त्यातला थोडा माझ्याकडे वळवावास.

तुझा,
उल्हास

*

गडहिंग्लज
२५ ऑक्टोबर २०२४

चि. उल्हास यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पिठाच्या डब्यात लपवून दोनदा वाचलं. पंचावन्न वर्षांचा घोडा झालास, तरी शेंडेफळाला काही मिळालं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतातच. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मला काही तिकडे येता येत नाही, नाहीतर दोघांचे कान धरले असते.

आता नीट वाच. आबांची फौजी नंबराची खोड तुला सांगायला नको. टॉवेलावर नंबर, छत्रीवर नंबर, आपल्या तिघांच्या दप्तरांवरसुद्धा त्यांच्या नंबराचे शेवटचे चार आकडे शाईने घातलेले. माझ्या पोळीच्या तव्यावर अजून खिळ्याने कोरलेला ७१०४ आहे. पण याची दुसरी बाजू तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा दुबईला होतास. एकदा बाजारात पाऊस कोसळायला लागला. कोणा निवृत्त हवालदाराने त्यांना आपला फौजी रेनकोट दिला. आबांनी आत नंबर बघितला आणि घडी करून परत दिला. दोन मैल भिजत आले, आठ दिवस तापाने फणफणले. मी बोलले तर म्हणाले, ज्याचा नंबर त्याचं कापड, दुसऱ्याच्या नंबरात शिरायचं नसतं.

फौजेतून निघालेल्या किल्टला आत कोणाचा तरी नंबर असणारच. तसा असला तर आबा तो अंगाला लावणार नाहीत, चारचौघांत पोराची शोभा होईल. रणजितला आजच सांग. वेळ आहे, परत करून कोरा घेईल. माझ्या फोनचं तुला माहीत आहे, तेव्हा हे काम तुझ्यावर.

लोभ वजन करून वाटायची चीज नाही, तरी तुला चिमूटभर जास्त पाठवते.

तुझी,
ताई

*

देरा, दुबई
१० नोव्हेंबर २०२४

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कुणालने पत्र आणि चकल्या पोचत्या केल्या. चकल्या निम्म्या अबुधाबीला द्याव्या लागल्या, असो.

चुण्यांचं काम जोरात आहे. दुकान बंद केल्यावर रोज दोन तास बसतो, बोटांची चाळण झाली. रेक्झिनचे पट्टे काढून खऱ्या चामड्याचे लावले. आतून जाड अस्तर लावलं, म्हणजे किल्ट जरा वजनाने लोंबेल. आणि कमरेच्या पट्टीला आतून पक्क्या शाईने ७१०४ घातला. हुमेरा आपा बघून म्हणाल्या, की आता हा किल्ट त्यांच्या दुकानातला म्हणून कोणी ओळखणार नाही. परवा रणजित येऊन गेला, तासभर बघत बसला होता. मी फार बोललो नाही, कामात होतो.

त्याला सांगायचं ते बघतो. इन्शाल्ला.

लोभ ठेव, आणि फार प्रश्न विचारू नकोस.

तुझा,
उल्हास

*

देरा, दुबई
१६ डिसेंबर २०२४

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो पाहिलेस ना? आबांनी माझा घातला! ताई, माझा!

हॉलच्या मागच्या खोलीत आम्ही दोघांनी आपापला खोका समोर ठेवला. आबांनी आधी रणजितचा उघडला. बाहेरचं कापड बघितलंच नाही, सरळ आतली बाजू उलटली. तिथे शाईने २३८६ आणि खाली दोन इंग्रजी अक्षरं. आबा उठले. ऐंशीच्या वयात सावधान उभे राहिले आणि त्या किल्टला सॅल्यूट ठोकला. म्हणाले, हा जवान जिवंत असला तर त्याचं त्याला मिळायला हवं, नसला तर मी कोण घालणारा. मग माझा उघडला. स्वतःचा नंबर दिसल्यावर त्यावरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मग कमरेला बांधला आणि बाहेर गेले. रणजितचा देवांश इंग्रजीत म्हणाला, की आजोबांचा स्कर्ट मस्त आहे. आबांना ऐकू येत नाही ही देवाची कृपा. पाइप असा वाजवला की माझे डोळे वाहायला लागले.

पण जिंकूनही मला सुख नाही गं. रणजितचं तोंड पडेल असं वाटलं होतं, ते पडलंच नाही. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या. वर मला मिठी मारून म्हणतो, दादा, चुण्या एक नंबर! आणि आता ऐक. रोज संध्याकाळी तो ऑफिसातून आला की आबा आणि तो, २३८६ कोणाचा हे शोधत बसतात. त्या पलटणीला ईमेल काय, जुन्या याद्या काय! आबा सांगतात आणि तो इंग्रजीत लिहितो. परवा गेलो तर मला चहा विचारायची शुद्ध नव्हती दोघांना. माझा किल्ट बॅगेत घडी घालून पडलाय आणि त्याचा टेबलावर मांडलाय. घातला माझा, जीव लावला त्याच्या किल्टला!

आणि तू विचारण्याआधी सांगतो. नंबराचं मी त्याला सांगितलं नाही. तीनदा फोन हातात घेतला, तीनदा ठेवला. हेवा वाटला, दुसरं काही नाही. शिव्या देऊन मोकळी हो.

उरला असेल तर लोभ असावा.

तुझा,
उल्हास

*

गडहिंग्लज
१२ जानेवारी २०२५

चि. उल्हास यास,
अनेक आशीर्वाद.

आबा सुखरूप पोचले. दोन्ही किल्ट घेऊन आलेत.

तू सांगितलं नाहीस हे मला तू कळवायच्या आधीपासून माहीत होतं. आबांची पलटणीतून पत्रं यायची, ती तूच मोठ्याने वाचून दाखवायचास ना? आईला वाचता येत नव्हतं, आणि रणजितला नुकती कुठे बाराखडी येत होती. त्याच्यासाठी लिहिलेली शेवटची ओळ तू दर वेळी गाळायचास. मी तुझ्या पाठीमागे उभी राहून वाचत असे. तेव्हा बोलले नाही, ती माझी चूक.

म्हणून या खेपेला कुणालच्या बॅगेत मी दोन पाकिटं दिली होती. दुसरं रणजितला. त्याने त्याच दिवशी किल्ट उलटून नंबर बघितला. दुकानदार परत घ्यायलाही तयार होता, तरी त्याने परत केला नाही. मला लिहिलं, की दादाकडे जाऊन आलो, त्याची बोटं बघवत नाहीत. मी कोरा आणला तर कोणाचा घालावा असा आबांना पेच पडेल, हा नंबरवाला नेला तर पेचच नाही. हे दादाला कधी कळू देऊ नकोस, असंही लिहिलं होतं. पण गाळून वाचायची सवय मला नाही.

आणि माझं विचारशील तर आबा आल्यापासून उल्हासच्या चुण्या आणि रणजितचे ईमेल, एवढंच चाललंय. त्यांचा पाइप चाळीस वर्षं तेल लावून मी जपला, त्याचं नावही नाही. हेवा काय तुम्हालाच वाटतो?

लोभ इथे मुबलक आहे, येऊन घेऊन जा.

तुझी,
ताई

*

देरा, दुबई
१९ जानेवारी २०२५

चि. रणजित यास,
दादाचा आशीर्वाद.

दोन तासांच्या अंतरावर राहतोस आणि मी पत्र लिहितोय, हसू नकोस. तोंडाने बोलवणार नाही. ताईने सगळं कळवलं. तू माझ्यापेक्षा मोठा निघालास, आणि खरं सांगू, मला त्याचाही हेवाच वाटला.

आबांच्या पत्रांतल्या तुझ्या ओळी मी गाळायचो. पण गाळायला आधी वाचाव्या लागत, त्यामुळे अजून पाठ आहेत. तीन तर अगदी जशाच्या तशा आठवतात, त्या लिहितो.

रणजितला सांगा, त्याने काढलेलं घोड्याचं चित्र माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

रणजितला सांगा, आज परेडला पाइप वाजवताना त्याची आठवण आली आणि एक सूर चुकला.

रणजितला सांगा, या सुट्टीत स्टेशनवर उतरलो की सगळ्यांत आधी त्याला खांद्यावर घेईन.

त्या सुट्टीत मी धावत पुढे गेलो होतो. आबांनी आधी मला उचललं. तुला माहीतच नव्हतं, म्हणून तू स्टेशनच्या फाटकापाशी उभा होतास.

हा लोभ तुझ्या नावचा होता. माझ्याकडे पंचेचाळीस वर्षं राहिला, आता परत करतोय.

तुझा दादा,
उल्हास