नेफ्यातले दिवे

प्रिय अब्बा,

सलाम. कब्रस्तानात येऊन केला असता, पण आपल्या घरच्या बाया तिथं जात नाहीत, म्हणून इथूनच घ्या. आणि पत्र मराठीत आहे, त्याले माहा इलाज नाही. उर्दू मले धड लिहिता येत नाही. तुम्हीच मले मराठी शाळेत टाकलं, 'आर्णीत राहाचं तर आर्णीची भाषा आली पाहिजे' म्हणून. आता भोगा!

दुपार आहे. लाईन गेली, मशीन बंद पडली. दोन ब्लाउज आणि एका साडीचा फॉल तसाच पडून आहे. खरं सांगू? लाईन गेली ते बरंच झालं. पाठीचा पार भुगा झाला आहे. पण पत्र लिहायचं कारण ते नाही. सकाळी सुनंदाबाई आली होती. देविदासची बायको, तो फवारणीवाला. तुम्ही पाच वर्षांमागं तिच्या घरी जाऊन काय सांगून आलते, ते मले आज समजलं. उद्या ती पोरीले माप द्यायले घेऊन येते, आणि तिच्यासमोर कोणतं तोंड घेऊन बसू हे मले कळून नाही राह्यलं. तुम्हाले नाही विचारू तर कोणाले विचारू?

आपले ते लाईटवाले कपडे कसे सुरू झाले, आठवते का? कापसाचे ते वर्षं वाईटच होते. बोंड फोडलं की आत अळी. गावात लग्नं अशी होऊन राह्यली होती की मांडवाले एक बल्ब आणि झालं. तुमच्या रोषणाईच्या माळा पेट्यांमध्ये पडून होत्या, आणि तुम्ही लोकांचे फवारणीचे पंप दुरुस्त करत ओट्यावर बसत. तेवढ्यात शाळेच्या मॅडम आल्या. गॅदरिंगमध्ये नाटक आहे म्हणे, परग्रहावरचे लोक खाली उतरतात, त्यांच्या अंगातून उजेड निघाला पाहिजे. तुम्ही जन्मात असलं काही पाह्यलं नव्हतं. तरी म्हणाले, "होऊन जाईन मॅडम!" मी मागून डोळे वटारून राह्यली होती, तुम्ही वळून पाह्यलंच नाही.

मंग सुरू झाली आपली फजिती. चिकटवलेले दिवे पोरगं वाकलं की निघून पडत. शिवायले गेली तर सुई सरळ वायरमध्ये. तीन दिवस तुम्ही माह्यावर चिडले, मी तुमच्यावर. चौथ्या दिवशी मी कंटाळून ते बाजूले फेकलं आणि कोणाच्या तरी सलवारीत नाडी ओवत बसली. सेफ्टी पिन नाडीले टोचली, नेफ्याच्या एका तोंडातून आत घातली, सरकवत सरकवत दुसऱ्या तोंडातून काढली. तुम्ही चहाचा कप तसाच हातात धरून पाहत होते. "अगे पोरी! हे तर कन्सिल फिटिंग झालं!"

किती हसलो आपण त्या दिवशी! घराच्या भिंतीत वायर लपवतात तशी वायर आपण नेफ्यात लपवली. हातावरून, पायावरून, छातीवरून पातळ मलमलीचे लांब लांब नेफे काढले आणि त्यातून दिव्यांची पट्टी नाडीसारखी ओवली. दिवा बिघडला की नाडी ओढावी तशी पट्टी ओढायची, नवीन घालायची. कापड गाडीच्या कव्हरचं, चंदेरी. डोक्यावर पाण्याचा जार कापून. छातीवर तुटका कॅल्क्युलेटर. गॅदरिंगले पोरं स्टेजवर आले आणि तुम्ही बटन दाबलं, तेव्हा लोकायनं अशा शिट्या मारल्या की मॅडम स्वतः घाबरल्या. मंग यवतमाळचे फोन, मारेगावचे फोन. कोणी विचारलं तर तुम्ही ऐटीत सांगत, "पोरीचा नेफा अन् माही लाईन."

गोड दिवस होते का ते? होते. पण थकवणारेही होते, अब्बा. तुम्हाले नवीन काही सुचलं की उसवायचं मलेच लागे.

आता त्या तान्ह्या पोळ्याचं सांगते. तुम्हाले माहीत आहे, पण मले एकदा लिहून काढू द्या. पोरं लाकडी बैल घेऊन नटूनथटून येतात, त्यांच्यातून नंबर काढतात. शेजारच्या गुरुजींच्या नातवाले अंतराळवीर व्हायचं होतं. अंतराळवीराच्या पाठीवर हवेची टाकी लागते म्हणे. टाकी कुठून आणायची? तुमच्याजवळ फवारणीचा एक पंप पडला होता, नवाच, पण खोक्यातून तडा जाऊनच निघालेला, औषध त्यात कधी भरलंच नव्हतं. त्याची बॅटरी चांगली होती. तुम्ही तोच पोराच्या पाठीवर चढवला, बॅटरीही त्यातच आणि टाकीही तीच. काय डोकं चालवलं, म्हणून मी तुमची तारीफही केली होती!

आणि माईकवरून आवाज आला, "पहिला नंबर, फवारणी करणारा शेतकरी! पाहा, फवारणी करताना असाच पोशाख घालावा!" लोकायनं टाळ्या वाजवल्या. पोरगं रडायले लागलं, "मी अंतराळवीर हाय! मी अंतराळवीर हाय!" आणि गुरुजी त्याले दाबून राह्यले होते, "चूप बस बे, नंबर आला न!" त्या मोसमात दुसरं काय दिसणार होतं लोकायले? तोंड झाकलेलं, पाठीवर पंप. रोज कोणी ना कोणी औषध चढून यवतमाळच्या दवाखान्यात जात होतं. आपण दोघं घरापर्यंत हसत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाबाई ओट्याखाली उभी. ओळख ना पाळख. "कालचा थो पोशाख तुमच्या इथंच शिवला न? मले तसाच एक पाहिजे. मोठ्या माणसाच्या मापाचा. दिवे नसले तरी चालन."

मी विचारलं, "कोणासाठी?"

"घरवाल्यासाठी. लोकाच्या वावरात फवारणीले जाते. अंगात नुसतं बनियान असते."

मी म्हटलं, बाई, तो पोरांचा पोशाख आहे, नाटकाचा. ती म्हणे, "माईकवर तर सांगतलं न, असाच घाला म्हणून!" मी म्हटलं, उद्या सांगते.

ती वळली नाही तोच तुम्ही म्हणाले, "शिवू."

आपलं भांडण मले शब्द न् शब्द आठवते. मी म्हटलं, अब्बा, एकेक टाका म्हणजे एकेक छिद्र. शिवणीतून औषध आत जाईन. तुम्ही म्हणाले, आतून टेप मारू, ट्यूबचं सोल्यूशन लावू. मी म्हटलं, तरी गेलं तर? माणूस मेला तर लोक म्हणतीन नसरीनच्या सुटानं मेला. तुम्ही शांतपणे विचारलं, "अन् बनियानवर मेला तर कोणाच्या नावानं?"

मी आवाज चढवला. "मशीन माही हाय! मी नाही शिवत!"

ती मशीन मले कोणी घेऊन दिली होती? तुम्हीच. पायात चपला सरकवल्या, सायकल घेतली आणि तिच्या गावाले गेले. संध्याकाळी आले. "सांगून आलो," एवढंच म्हणाले. काय सांगून आले, हे मी विचारलं नाही. सुटली एकदाची, असंच मले वाटलं. लाज वाटते आता लिहायले, पण तसंच वाटलं.

पंधरा दिवसांत देविदास दवाखान्यात. उलट्या, अंगाले थरथर, डोळ्यासमोर सगळं पांढरं. वाचला तो. नजर मात्र परत आली नाही. उजेड दिसते त्याले, माणूस दिसत नाही. तुम्ही दोनदा यवतमाळले जाऊन त्याले पाहून आले. मले चल म्हणाले नाही, आणि मीही येते म्हणाली नाही.

आपला सूट असता तर त्याले औषध चढलं नसतं का? त्याचे डोळे राहिले असते का? कोणाले माहीत! छिद्रांचं मी बोलली ते खरंच होतं. पण ते पुरं खरं नव्हतं, अब्बा. मी भेली होती. आणि मले एक काम कमी पाहिजे होतं. भीतीपेक्षा तो कंटाळाच मले जास्त टोचते.

तुमच्यावर माहा एक राग आहे, ऐकून घ्या. तुम्ही मले रागावले काहून नाही? एक डाव, फक्त एक डाव, ओरडायचं होतं. ताट सरकवून द्यायचं होतं. तुम्ही तर दुसऱ्याच दिवशी विचारलं, "काळी रीळ संपली का ग, आणू का?" असं कोणी करते का? माणसानं रागावलं की आपल्याले रडता येते, भांडता येते. तुम्ही मले तेवढंही करू दिलं नाही.

आणि तुम्ही गेले त्याले दोन वर्षं झाले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखते म्हणाले, आणि ऑटो येईपर्यंत संपलं सगळं. तेव्हापासून दिव्यांच्या पेट्या मी उघडल्या नाहीत. फॉल, पिको, ब्लाउज. लोकांनी विचारलं तर सांगत गेली, लाईटवाले गेले, आता नुसतं शिवणकाम.

आज सकाळी सुनंदाबाई ओट्यावर येऊन बसली. केस पांढरे झाले तिचे. म्हणे, प्राची नववीत आहे, गॅदरिंगमध्ये विज्ञानाचं नाटक आहे, तिले लाईटवाला सूट पाहिजे. मी नेहमीचं सांगायले तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "तिच्या बाबासाठी पाहिजे बाई. स्टेजवर अंधार असते. त्याले बाकी काही दिसत नाही, पण दिवे दिसतात. पोट्टी म्हणते, नुसत्या आवाजानं नाही, मी कुठं उभी हाय थे बाबाले दिसलं पाहिजे."

मी कशीबशी म्हणाली, करून देईन.

मंग ती उठली, चप्पल घातली आणि माह्या मशीनकडे पाहून अगदी सहज म्हणाली, "आता नीट हाय न मशीन? तेव्हा बिघडली होती न बाई. अब्बा सांगून गेलते बिचारे. मशीन बिघडली, पार्ट नागपूरहून येते, पोरगी लय रडून राह्यली म्हणे तुमच्या कामासाठी."

अब्बा! मी रडून राह्यली होती?

मी हो म्हणाली. "हो बाई, आता नीट आहे." तुमचं खोटं मी पुढं चालू ठेवलं. ती गेली आणि मी दाराजवळच बसून घेतलं. पाच वर्षं ती बाई मले चांगलं समजत होती. बाजारात भेटली की हसायची. मले वाटे, हिले विसर पडला असन. विसर नव्हता पडला, तिच्या मनात माह्याविषयी काही वाईट नव्हतंच. तुम्ही ठेवूच दिलं नव्हतं. नाही म्हणाली मी, आणि तुम्ही दोष दिला मशीनले. बरं झालं म्हणू की वाईट झालं? तुम्ही माही लाज राखली, पण मले तिची माफी मागायची वाटही बंद करून गेले.

लाईन जायच्या आधी मी एक पेटी उघडली. एक पट्टी काढली, सोल्डरगन तापवली. बोटाले चटका बसला, जोड काही बसला नाही. तीनदा केलं. चौथ्या वेळी अर्धी पट्टी पेटली, अर्धी नाही. मले हे कधी शिकवलं काहून नाही? 'तुह्ये हात सुईचे हायेत' म्हणत टाळत राहिले. आता पाहा, अडली न तुमची पोरगी! पण अर्धी पेटली म्हणजे उरलेलीही पेटन. चौकातल्या पंप दुरुस्तीवाल्याले विचारीन, लाजणार नाही.

आणि तुम्हाले एक शब्द देते, तो नीट ऐका. उद्या सुनंदाबाई आली की मापाची टेप हातात घ्यायच्या आधी मी तिले सांगणार आहे. बाई, मशीन चांगली होती. मीच नाही म्हणाली होती, भेली होती मी, कंटाळली होती. माहा बाप तुमच्याशी खोटं बोलला तो माह्यासाठी. तुमचं खोटं त्यात उघडं पडन, त्याची माफी मी तुम्हाले आत्ताच मागून ठेवते.

ती पोरीले घेऊन उठून गेली तर मी अडवणार नाही. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. बोलली नाही, नुसती पाहत राहिली, तर तेही सोशीन. पण सूट होईन, अब्बा. माप नाही भेटलं तर नववीतल्या पोरीच्या अंदाजानं कापीन आणि शाळेत मॅडमजवळ नेऊन देईन. नेफे जवळजवळ काढीन, दिवे दाट भरीन. देविदासले पुढच्या रांगेत बसवा म्हणून मॅडमले सांगीन.

त्याले त्याची पोरगी दिसली पाहिजे. मंग सुनंदाबाईनं मले आयुष्यभर ओळख नाही दाखवली तरी चालन.

तुमची,
नसरीन