तिसावी पायरी

नागपूर,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. विहंग यास त्र्यंबककाकाचे अनेक आशीर्वाद.

जबड्याच्या तारा आणखी तीन आठवडे राहणार, असे वहिनींनी कळवले. पेज घेत जा. बोलण्याची घाई करू नकोस. वाचता येते तेवढे पुरे.

उमरेड रस्त्यावरची कापसाची जिनिंग गिरणी अजून बंद आहे. स्वयंचलित प्रेसने पाळीला दीडपट गाठी बांधाव्यात, अशी मालकांची अपेक्षा होती. पहिल्या महिन्यात जुन्याइतक्याही निघाल्या नाहीत. कापूस अडके, यंत्र थांबे, कोणीतरी प्रेसच्या पेटीत, जिथे कापूस दाबला जातो तिथे, उतरून तो मोकळा करी. मालक तुझ्या प्रणालीला दोष देत. पण गिरणी बंद पडण्याचे कारण वेगळे आहे. ते क्रमाने मांडतो.

यंत्राला काम शिकवायचे तर आधी ते काम कागदावर यावे लागते. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला माणूस नेमके लिहील, म्हणून तूच माझे नाव सुचवलेस. मी सहा दिवस प्रेसजवळ खुर्ची टाकून बसलो आणि एकोणतीस पायऱ्या लिहून दिल्या. तू त्या जशाच्या तशा यंत्रात घातल्यास.

तिसावी होती. पेटीचे दार लावणारा माणूस पान्याने पत्र्यावर दोन ठोके मारी आणि थांबे. आत कोणी असेल तर तो उलट ठोकी. काहीच ऐकू आले नाही, तरच दाब सुरू होई. हे कोठल्याही नियमावलीत नव्हते. कामगारांनी आपसांत ठरवलेले होते. प्रेसवरच्या शालिकरामने मला दोनदा सांगितले, "मास्तर, ठोके लिहा ना जी. दार लागलं म्हंजे पेटी रिकामी झाली असं नाही."

मी त्याला समजावले की मौन हे प्रमाण नव्हे. आतला माणूस बेशुद्ध असला तरी मौनच असेल. तो हसला. म्हणाला, "तुमचं बरोबर असन जी. पण आमी त्याच्याच भरोशावर जगून राहिलो."

माझा युक्तिवाद निर्दोष होता. मसुद्यात लिहिलेली ती पायरी मी खोडली. तिच्या जागी दुसरी लिहिली नाही.

२३ जानेवारीला दुपारी मी यंत्र पाहायला आलो होतो. शालिकराम पेटीत असताना दार बाहेरून लागले. लावणाऱ्याने सवयीने ठोके मारले, पण दार लागताच दाब सुरू झालेला होता. उत्तर आले, विहंग. मी ते ऐकले. पुन्हा आले, जोराने, मग नुसत्या मुठींचे. कोणी लाल बटण दाबीपर्यंत चार सेकंद गेले. हाडे मोडल्याचा आवाज आला आणि फटींतून लाल कापूस बाहेर आला.

नंतर कामगारांनी तुला ओढत आणले. गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांनी मारले. शालिकरामचा भाऊ चंपतराव तुझ्या छातीवर बसून विचारत होता, "ठोके काहून काढले? बोल." तुला ठोके म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. तू "कोणते ठोके" एवढेच म्हणत राहिलास. त्यांना वाटले, तू थट्टा करतोस. तेव्हा त्यांनी तुझा जबडा फोडला.

मी दहा पावलांवर उभा होतो. बोललो असतो, तर पट्ट्या माझ्याकडे वळल्या असत्या.

पोलिसांना मी सांगितले की रचना अभियंत्याची आहे. विधान खरे होते. गुन्हा तुझ्यावर नोंदला गेला.

काल शालिकरामच्या घरी गेलो. त्याच्या पत्नी मनकर्णाबाईंना सर्व सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, मग चुलीतले जळते लाकूड उपसून माझ्या तोंडावर मारले. दुसऱ्यांदाही मारले. डाव्या डोळ्याने सध्या दिसत नाही. अक्षर वाकडे आले आहे ते त्यामुळे. चंपतरावांनीच त्यांना आवरले. मला म्हणाले, "त्या पोराले मी मारलं. तुमाले हात नाही लावणार. तुमी ठाण्यात जा."

उद्या अकरा वाजता जातो आहे. मूळ मसुदा सोबत नेईन. त्यात ती पायरी माझ्या शाईने खोडलेली स्पष्ट दिसते. तुझ्यावरचा आरोप मग टिकणार नाही, असे वकिलांचे मत आहे. चंपतरावांविरुद्ध तक्रार द्यायची की नाही, ते तू ठरव. ठरवताना एवढे ध्यानात घे की त्यांच्या हाती चुकीचा माणूस मी दिला.

माझ्या जामिनासाठी कोणी येऊ नये. वहिनींना हे वर्तमानपत्रातून कळण्याआधी तू पत्र वाचायला दे.

क्षमा मागण्यास आधार होईल असे एकही विधान मला सापडले नाही. म्हणून मागत नाही.

तुझ्या जागी उभा राहण्यास बावीस दिवस उशीर केलेला,
त्र्यंबककाका