हात की ब्रेक

११ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी फाटकावर आदळली! तीही आपल्याच. लागलं कुठे नाही. पण हे उतरले आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत उभे राहिले. दुचाकीचा पुढचा ब्रेक त्याच हाताने दाबायचा. वर्षाच्या सुरुवातीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा लुळा पडला होता, तोही हाच.

"पुरता दाबला होता गं," म्हणाले. "थांबलीच नाही. हात परत चाललाय माझा."

मीटर तपासायची नोकरी, दिवसभर गल्लोगल्ली हिंडायचं. गाडी सुटली की नोकरी सुटली. पण नोकरीचं मला सुचलंच नाही. ह्यांचा चेहरा बघून आधी डॉक्टरांना फोन लावला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जेवताना चमचा डाव्या हातात. मी बघून न बघितल्यासारखं केलं. डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी बोलावलंय. तोवर जीव टांगणीला!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हे बसने कामावर गेले. मी शिवायला बसले, पण एकच शिवण पुन्हा पुन्हा उसवत होते. शेवटी उठले आणि गाडी स्टँडवरून काढली. चालवता येत नसली म्हणून काय झालं, ढकलता तर येते! अंगणात ढकलत नेली आणि पुढचा ब्रेक दाबला. गाडी आपली चाललीच. पुन्हा दाबला — दात-ओठ खाऊन. कात्री चालवून चालवून माझी बोटं चिमट्यासारखी झालीत, जाड कापडाचे थर एका दमात कापते मी. आणि मलाही गाडी थांबेना!

अंगणात एकटीच हसत सुटले. ब्रेक बिघडलाय! नुसता ब्रेक! गाडी बिघडली म्हणून लोक कपाळाला हात लावतात, मला नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "ब्रेकही बिघडला असेल," म्हणाले. "म्हणून हात बरा आहे असं थोडंच!" कधी कधी ह्या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मेकॅनिक घरी येऊन गेला. आधी हँडलवरच्या डबीतलं ब्रेक ऑइल बघितलं — पुरेसं. लीव्हर दाबला — कडक, म्हणजे पाइपात हवा नाही. गळती नाही. चाकाची चकती आवळून धरणारे पॅड काढले, तेही चांगले जाड. "सगळं तर ठीक दिसतंय," म्हणाला आणि हळूच ह्यांच्या हाताकडे बघितलं. मेल्याला तेवढंच सुचलं! माझा जीव पुन्हा खाली-वर.

मग त्याने त्या चकतीवरून, डिस्कवरून, पांढरं फडकं फिरवलं. काळा, तेलकट डाग! मी फडकं नाकाशी नेलं. तो वास मी झोपेतही ओळखीन — माझ्या शिलाई मशीनचं तेल.

सासूबाई दारातच बसल्या होत्या. "अगं, हा दुपारी जेवायला आला की ते चाक किती किंचाळायचं! माझी झोप मोडायची. तू मशीनला घालतेस तसं घालत होते रोज थोडं. थांबलं की नाही ओरडायचं?"

थांबलं खरं. गाडीच तेवढी थांबेनाशी झाली.

मेकॅनिक हसून हसून खालीच बसला. "काका, असल्या ब्रेकवर चालवत होतात?"

"महिनाभर जरा जास्तच जोर लावावा लागत होता," हे म्हणाले.

पॅड तेल पिऊन बसले होते, ते टाकले. नवे बसवले, डिस्क धुतली. सासूबाईंवर चांगली चिडणार होते, पण चिडताच येईना. आमच्या घरात दार कुरकुरलं, पंखा कुरकुरला की तीच तेलाची कुपी येते. त्यांनी तरी वेगळं काय केलं?

१६ नोव्हेंबर, रविवार

किल्ली अजून खुंटीवरच. "आधी डॉक्टरांना बघू दे," म्हणाले. बरं. मी भांडले नाही, हेच केवढं! झोप मात्र छान लागली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी आपली दोन बोटं ह्यांच्या उजव्या मुठीत दिली. "दाबा. अजून. अजून जोरात —" आणि एकदम ओरडले, "अहो, सोडा, सोडा!" बोटं झटकत विचारतात, "कसला व्यायाम करता हो?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आमच्या सासूबाईंनी लावून दिलाय."