डबा कुठे जाऊन आला

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खोली पुन्हा बदलली. नवा पत्ता पाकिटामागे आहे. पायाला भिंगरी लागलीय म्हणशील. पण आधीच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे होती आणि माझ्या कामाला रस्त्याची धूळ चालत नाही. हस खुशाल. दिवसभर मी धूळच लावतो, पण ती माझी निवडलेली असते.

काम मिळालंय. एका संग्राहकाला मालगाडीचा जुन्या बनावटीचा डबा हवाय, वितीएवढा. डबा तयार आहे, लाल रंगही दिलाय. आता तो वापरलेला दिसायला हवा. त्यासाठी माझ्याकडे बारीक पूड असते, गंजाच्या रंगाची, काजळीची, मातीची. ती मऊ ब्रशने खरखरीत रंगावर बसवायची, जास्तीची झटकायची आणि शेवटी बिनचकाकीचं वॉर्निश फवारून पक्की करायची. महिनाअखेर प्रदर्शन आहे. माझा डबा मधल्या टेबलावर ठेवणार आहेत. तिथे तो शोभला तर पुढची कामं येतील. नाही तर मला पुन्हा ऑफिसांत अर्ज टाकत फिरावं लागेल, आणि बाबांचंच खरं ठरेल.

अडलंय ते इथे. तो लाल रंग जुना झाला की कसा दिसतो? फोटो मिळाले ते सगळे काळेपांढरे. बाबांची अख्खी नोकरी अशाच डब्यांवर आकडे रंगवण्यात गेली. पण मी ऑफिस सोडल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्याशी बोलतात. मी विचारलंय असं सांगू नकोस, सहज काढ विषय.

तुझा लोभ गृहीत धरूनच असली कामं सांगतो.

तुझा,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काढला सहज विषय. दादा म्हणाला की ज्याला विचारायचंय त्याने विचारावं. म्हणजे चोरी तिथेच पकडली गेली. मी शाळेचे गणवेश शिवणारी बाई, मला वकिली येत नाही.

मग तासभर फेऱ्या. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, दार, परत बाहेरची खोली. निवृत्त झाल्यापासून घरातल्या घरात हा जेवढा चालला तेवढ्यात तुझ्याकडे पायी जाऊन आला असता, असं मी म्हटलं. ते झोंबलं. म्हणाला, जन्मभर आपण डबे घासून रंगवले, आणि पोरगा रंगवलेल्यावर घाण फासून पोट भरतो. वर हेही, की हे तो मला सांगतोय, तुला नाही.

मी भाजी चिरत होते, तर पाठीमागून पुन्हा आवाज. तो लाल काळा पडत नाही, विटतो. उन्हाच्या बाजूने गुलाबीसर, पिठूळ होतो. हात टेकला तर तळव्याला येतो. गंज रिव्हेटपाशी सुरू होतो आणि खाली ओघळतो, वर चढत नाही, हे त्या शहाण्याला कळलं पाहिजे. हेसुद्धा मलाच सांगितलं. मला रे काय करायचाय गंज?

शेवटी म्हणाला की डोळ्यांनी बघितल्याशिवाय काय सांगणार. तेव्हा डबा पाठवून दे. चार शिव्या देईल, त्यातलं कामाचं तू निवडून घे. हात कापायला लागल्यापासून त्याने ब्रश कपाटात टाकलेत. निदान डोळ्यांना काम मिळू दे.

जेवत जा. धुळीने पोट भरत नाही. माझी माया आहे, ती पुरवून वापर.

तुझी,
आत्या


१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं गणवेशाचं कापड आणणाऱ्या ड्रायव्हरबरोबर डबा पाठवतोय. चाकांपाशी तो फळीला बांधला आहे. फळी धरून बाहेर काढा, डब्याला बोट लावू नका. पूड अजून वॉर्निशने पक्की केलेली नाही. मुद्दामच. बाबांनी चूक दाखवली तर तेवढीच पुसून पुन्हा लावता येईल. वॉर्निश बसल्यावर काही करता येत नाही. शिवाय वॉर्निश निम्मी पूड गिळतं, म्हणून मी दुप्पट लावलीय. फार मळका वाटेल, घाबरू नका. हे सगळं बाबांना वाचून दाखव.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे एका बाजूला गुलाबीसर केलं होतं, मग खोटं वाटलं म्हणून पुन्हा झाकलं. मग झाकलेलं उघडं केलं. कुठे थांबायचं ते कळत नाही. आणि आता डबा गेल्यावर टेबलापाशी बसवत नाही. खिडकी उघडतो, बंद करतो. जिना उतरतो, वर येतो.

येत्या आठवड्यात परत आला पाहिजे. बाबा जे म्हणतील ते जसंच्या तसं लिही. शिव्या गाळू नकोस.

लोभ राहू दे. उत्तर लवकर दे, हे त्याहून महत्त्वाचं.

तुझा,
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कसं लिहावं ते सुचत नाही, म्हणून सरळ लिहिते. दादाने डबा धुतला.

मला गणवेशांची मापं घ्यायला बाहेरगावच्या शाळेत जावं लागलं. निघण्याआधी डबा टेबलावर काढून ठेवला, तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. परत आले तर डबा खिडकीत टॉवेलवर वाळत होता, न्हाऊन आलेल्या पोरासारखा. तुझी सगळी धूळ घमेल्यातल्या पाण्यात. तू चिकटवलेले छापील आकडेही खरवडून काढलेले. आणि हा शेजारी, कपाटातले ब्रश तेलात भिजवत बसलेला.

मी ओरडले. तो गोंधळला. म्हणाला, रेल्वे कारखान्यात पेंट शॉपच्या दारात मळका डबा आला की आधी धुवायचा, कुणी बघत उभं राहत नाही. तुझं पत्र ऐकलं होतं, कळलं होतं, हेही कबूल करतो. डबा समोर होता आणि हात चालले, एवढंच म्हणतो. मग त्याने फेऱ्याही मारल्या नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आता तो आकडे रंगवायला बसलाय. थांबवू का? ड्रायव्हर उद्या तुझ्याकडे येतोय, त्याच्याच हाती उत्तर दे.

माझ्यावर रागावलास तरी चालेल. लोभ मात्र तोडू नकोस.

तुझी,
आत्या


२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

थांबव.

डबा आहे तसा पाठव. ओला असला तरी पाठव. संग्राहकाचा माणूस दोनदा येऊन गेला. मधलं टेबल रिकामं ठेवता येणार नाही म्हणाला. मी त्याला काय सांगू, की वडिलांनी धुतला?

रंग कसा विटतो एवढंच मी विचारलं होतं. त्यांनी दोन दिवसांत माझं दोन आठवड्यांचं काम घमेल्यात ओतलं. मुद्दाम केलं नसेल. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

लोभाबद्दल आज लिहीत नाही.

भिंगरी


२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मी थांबवलं नाही. तुझं पत्र त्याला दाखवलंही नाही, पण माझ्या तोंडावरून त्याने ते वाचलं.

कसं रंगवलं ते सांगते, मग काय बोलायचं ते बोल. कोपर टेबलावर, उजवं मनगट डाव्या मुठीत. श्वास धरायचा, हाताचा एक झटका जाऊ द्यायचा, आणि पुढचा यायच्या आत एक रेघ मारायची. मग उठायचं, दारापर्यंत जायचं, परत बसायचं. माझा सुई ओवायचा चष्मा नाकावर. सकाळभरात एक आकडा. आमचा दादा, जो जेवणाच्या सुट्टीआधी अख्खा डबा उरकायचा. दोन आकडे जमले नाहीत म्हणून पुसले. शेवटचा जरासा हललाय. त्यालाही दिसतो. पुसू का म्हणून त्याने मला विचारलं. यापूर्वी त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, राहू दे.

डबा पाठवतेय. आत त्याची चिठ्ठी आहे. ती मी वाचलेली नाही. म्हणजे, पाकीट चिकटवलेलं होतं.

तू लोभाचं लिहिलं नाहीस, म्हणून मी दोघांचा मिळून लिहिते.

तुझी,
आत्या


२३ फेब्रुवारी

चिरंजीवास,
अ. आ.

डबा तुझा होता, गिऱ्हाईक तुझं होतं. धुवायला नको होता. छापील आकडे काढले त्याचं मात्र वाईट वाटत नाही.

धुण्याआधी मी तो बघितला होता. उन्हाच्या बाजूचा रंग बरोबर होता. बाकी ठिकाणी तू सगळीकडे सारखी धूळ टाकली होतीस. अशी धूळ कपाटावर बसते, डब्यावर नाही.

आमच्याकडे डबा मळून यायचा आणि स्वच्छ होऊन जायचा. जाताना मी त्यावर आकडे घालायचो. काही वर्षांनी तोच आकडा पुन्हा दारात यायचा, ओळखू न येण्यासारखा. मधल्या काळात तो कुठे होता हे कुणी सांगत नसे. आम्हीही विचारत नसू. पाण्याचा पाइप धरायचो. एकदा धुतल्यावर विचारणार कुणाला?

तुझ्या डब्याचं पाणी मोरीत ओतताना हे डोक्यात आलं. उशिरा आलं.

आकडे वाळलेत. त्यांच्यावर धूळ टाक. ते काही पहिल्यांदा मळत नाहीत. फक्त आधी ठरव की हा कुठे कुठे जाऊन आला. ठरलं की मला कळव. मी विचारतो आहे.

हात बरा आहे.

बाबा


३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मधलं टेबल गेलं. तिथे दुसऱ्या कुणाचं तरी जहाज ठेवलं. आपला डबा भिंतीकडे होता. संग्राहकाने तो घेतला. पुढचं काम देतो असं म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून कळवतो. डबा आधी चुन्याच्या भट्टीवर होता. दारांखाली पांढरट ओघळ आहेत ते तिथले. मग तो बरीच वर्षं कोळशाच्या इंजिनामागे लगेच जोडला जायचा, म्हणून छप्पर आणि पुढची भिंत काळी, मागची तेवढी नाही. त्यानंतर कुठल्या तरी बाजूच्या रुळावर त्याला नुसतं उभं करून ठेवलं. ऊन एकाच अंगाला लागलं. चाकांपर्यंत गवत आलं, तिथे मी हिरवट पूड लावली आहे. तो तिथे इतका काळ का उभा होता, ते मला ठरवता आलं नाही. न्यायला कुणी येईल असं त्याला वाटलं असेल, आणि तिकडच्यांना वाटलं असेल की येईल आपला आपण.

आकड्यांपाशी ब्रश थांबला. दोन दिवस खोलीत फेऱ्या मारल्या. मी कुणावर गेलोय ते आत्याला सांगायला नको. शेवटी धूळ टाकली, सगळ्यांत पातळ. शेवटच्या आकड्यावर जास्त टाकून तो हललेला झाकता आला असता. झाकला नाही.

प्रदर्शनात एक माणूस त्या आकड्यापुढे बराच वेळ वाकून उभा होता. हा हाताने रंगवलेला दिसतो, असं म्हणाला. मी हो म्हटलं. कुणाच्या हाताने, ते त्याने विचारलं नाही. तरी मी सांगितलं.

डब्याचं एवढंच. मी कुठे कुठे होतो ते पत्रात मावणार नाही. शनिवारी निघतोय. बाकी भेटीत.

आपला,
मुलगा